मांजर आडवं गेलं, ब्राझील घरी गेलं

अहो, ऐकलं का? ब्राझीलवाल्यांनी मांजर फेकलं!

आणि फेकलं ते कुठं, तर भर पत्रकार परिषदेत. तारीख 7 डिसेंबर 2022, गाव दोहा, फुटबॉलचा विश्वचषक चालू. त्यांचा खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर माइकसमोर बसून गुणी मुलासारखी उत्तरं देतोय, तेवढ्यात एक भटकं मांजर टेबलावर चढून ऐसपैस बसलं. शेजारी संघाचे माध्यम अधिकारी बसले होते. त्यांनी आधी पाठीवरनं हात फिरवला, लाड केले. मग एका हातानं मानगूट, दुसऱ्या हातानं पाठीचं कातडं धरून उचललं आणि दिलं टेबलाखाली सोडून! व्हिनिसियसचे डोळे हे एवढे झाले. पत्रकारांनी आधी ‘अगं बाई’ केलं, मग हसले. आणि दोनच दिवसांनी, 9 तारखेला, पाच वेळचं जगज्जेतं ब्राझील उपांत्यपूर्व फेरीत क्रोएशियाकडून हरून बॅगा भरायला लागलं.

हा योगायोग आहे, असं आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत येऊन म्हणून दाखवा कुणीतरी.

“मुक्या जिवाचा तळतळाट भोवला बघा,” समोरच्या काकूंनी दोन दिवसांनी सकाळी नळावरच निकाल देऊन टाकला. (आदल्याच दिवशी स्वतःच्या बोक्याला दुधाच्या पातेल्यावरनं त्यांनी लाटणं फेकून मारलं होतं, पण ते घरातलं प्रकरण. त्याला कॅमेरे नव्हते.) मी म्हटलं, काकू, तसं असेल तर इंग्लंडचं काय? त्यांच्या मुक्कामी आलेल्या मांजराचं त्यांनी डेव्ह असं बारसं केलं, रोज खाऊ घातलं, कप जिंकला तर घरी घेऊन जाऊ असा शब्द दिला. तेही दुसऱ्याच दिवशी फ्रान्सकडून 2-1 हरले! त्या हॅरी केननं पेनल्टी आभाळात मारली. म्हणजे मांजर फेकलं तरी हार, मांडीवर घेतलं तरी हार. काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “पण त्यांचं मांजर विमानानं इंग्लंडला जाणार म्हणे. म्हणजे त्याचं तरी कल्याण झालं की न्हाई?” आता यावर कोण काय बोलणार!

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना हा सगळा वेडाचार वाटतो. माझी नणंद पुण्याची. ती फोनवर विचारते, “वहिनी, तुमचा आणि ब्राझीलचा संबंध काय?” संबंध? अगं, आमच्याकडं माणूस जन्मतो तो आधी पेठेचा, मग तालमीचा, मग बाकी जातपात-पक्ष. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं पोरांना बाराखडीच्या आधी येतात. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत दंड थोपटले, तिथलाच नातू शाहू स्टेडियमवर फ्री किक मारतो. गर्दी अशी की सामन्यापेक्षा बंदोबस्ताचे पोलीस जास्त घामाघूम. तिथं हरलेल्या तालमीचा माणूस दोन दिवस रंकाळ्यावर फिरायला जात नाही, का तर कुणीतरी भेळेच्या गाडीवर टोमणा मारेल. आता अशा गावानं चार वर्षांतून एकदा येणारा विश्वचषक नुसता टीव्हीवर बघायचा? भारत त्यात नाही. भारत जागतिक यादीत शंभराच्या पल्याड. मग दत्तक घ्यायला नको कुणाला? आमच्या गल्लीनं ब्राझील घेतलं, पलीकडच्यांनी अर्जेंटिना. कागदपत्रं नाहीत, पण शब्द म्हणजे शब्द.

बरं, या दत्तकविधानाचा थाट बघाल तर! चौकाचौकांत कटआउट. नेमारचा कटआउट एका माडीच्या गॅलरीला असा टेकला की आतल्या आजींना महिनाभर ऊन मिळालं नाही. त्या तक्रार करायला बाहेर आल्या आणि “पोरगा दिसायला बरा आहे” म्हणून आत गेल्या. शंभर वॅटचा दिवा गेला तर महिना महिना न बदलणारी आमची पोरं एका रात्रीत चाळीस फुटी तोरण बांधतात. वर्गणीचं तर विचारूच नका. गणपतीला शंभराची नोट तीनदा उलटीपालटी करून देणाऱ्या एका गृहस्थांनी ब्राझीलच्या झेंड्याला पाचशे दिले. नाव सांगत नाही, घरात बसलेत आत्ता, पेपर वाचतायत.

आणि खरी शरमेची गोष्ट ऐका. 10 नोव्हेंबरला ॲडलेडमध्ये आपला भारत ट्वेंटी-20 विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडकडून दहा विकेटनी हरला. दहा! एकसुद्धा बाद नाही. त्या दिवशी आमच्या घरातली पोरं शिव्या देत देत का होईना, पण पोटभर जेवली. महिन्यानं ब्राझील हरलं, तर त्याच पोरांनी भाकरीला हात लावला नाही. तांबडा रस्सा भांड्यात तसाच, वर तवंग धरला. मटण शिळं झालं हो! कोल्हापुरात! मंगळवार पेठेत! माझ्या सासूबाईंनी हे पाहिलं आणि पहिल्यांदाच विचारलं, “कोण वारलं?”

मी स्वतः ब्राझीलची, 2002 पासूनची. त्या वर्षी योकोहामात रोनाल्डोनं जर्मनीला दोन गोल घातले. डोकं सगळं भादरलेलं आणि पुढं कपाळावर तेवढा केसांचा त्रिकोण. माझ्या धाकट्या दिरानं दुसऱ्या दिवशी तसाच त्रिकोण कापून घेतला आणि सासरे त्याच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून बघतेय. 2006 ला फ्रान्स, 2010 ला नेदरलँड्स, 2014 ला स्वतःच्या अंगणात जर्मनीकडून 7-1 (त्यातले पाच गोल पहिल्या एकोणतीस मिनिटांत, मी चहा टाकायला उठले तेव्हा एक होता), 2018 ला बेल्जियम, आणि 2022 ला क्रोएशिया. बाद फेरीत युरोपातलं कुणी समोर आलं की यांचं पाणी पाणी होतं. यात मांजर कुठून आलं? त्या पाचातल्या चारांत तर मांजर नव्हतंच!

पण नाही. कारणं शोधायला पेठ बसली की विचारता सोय नाही. मांजर झालं, मग निघालं सोन्याचं मटण. दोह्यात तो एक काळा चष्मा घालून कोपरावरनं मीठ सोडणारा तुर्की खाटीक आहे ना, त्याच्या हॉटेलात काही खेळाडू गेले आणि चोवीस कॅरेट सोन्याचा वर्ख लावलेलं मांस खाल्लं. सोबत तोच आपला त्रिकोणवाला रोनाल्डो, आता चांगला गरगरीत झालेला. ब्राझीलमध्ये गोरगरिबांसाठी काम करणारे एक पाद्रीसुद्धा यावर रागावले. रागावणारच, तिकडं माणसं उपाशी आणि यांना मटणाला वर्ख! आमच्याकडं मात्र आक्षेप निराळा निघाला. “वर्ख लावून मटण खातंय म्हणजे त्याला रश्श्याची चव असणारच न्हाई. ज्याचं खाणं बेचव त्याचा खेळ बेचव.” हे चौकातल्या खानावळीवाल्यांचं मत, आणि त्यावर दहा माणसांनी माना डोलावल्या.

मग नाच. दक्षिण कोरियाला 4-1 हरवलं तेव्हा प्रत्येक गोलाला हे नाचले. बरं, पोरं नाचली तर नाचली, पण एकसष्ट वर्षांचे प्रशिक्षक तिते? त्यांनीही रिचार्लिसनबरोबर कबुतरासारखी मान पुढंमागं केली! मँचेस्टर युनायटेडचा जुना कर्णधार रॉय कीन टीव्हीवर बसून चिडला, म्हणाला हा समोरच्या संघाचा अपमान आहे. त्या रात्री आमच्या गल्लीनं रॉय कीनचा यथेच्छ उद्धार केला. “म्हाताऱ्याला नाच बघवत न्हाई का कुणाचा!” आणि चार दिवसांनी त्याच तोंडांनी तेच, “प्रशिक्षकानं असं नाचायचं असतंय का? वयाचं तरी भान!” माणसं तीच, बाकडं तेच, निव्वळ निकाल बदलला.

तर आता क्रोएशियाच्या सामन्याच्या रात्रीचं ऐका.

तालमीसमोर पांढरा पडदा. त्याला कुणाच्या तरी मोबाइलवरनं जोडणी. पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनावाले केबलचा टीव्ही लावून बसलेले. त्यांचा सामना मध्यरात्री साडेबाराला, पण आमची फजिती बघायला साडेआठपासून हजर. झालं असं की केबल पुढं आणि मोबाइल मागं. जे त्यांच्याकडं आत्ता घडलं ते आमच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटानं. म्हणजे आम्ही सामना बघत नव्हतो, आम्ही आधी निकाल ऐकत होतो आणि मग पुरावा बघत होतो.

नव्वद मिनिटं शून्य-शून्य. तो क्रोएशियाचा गोलरक्षक लिव्हाकोविच, माणूस आहे का काय! रात्रभर अडवतोय, हातानं, पायानं, मिळेल त्यानं. जादा वेळ सुरू झाला. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी पलीकडच्या गल्लीत एकदम स्मशानशांतता. आमच्या पोरांनी ओळखलं, “आलं रे आलं!” आणि खरंच, पडद्यावर नेमारनं चेंडू घेतला, रॉड्रिगोला दिला, परत घेतला, पाकेटाला दिला, परत घेतला, गोलरक्षकालाही बगल दिली आणि अवघड कोनातनं जाळ्याच्या छतात! सत्त्याहत्तरावा गोल. पेलेंशी बरोबरी. तेही पेले साओ पाउलोत दवाखान्यात पडून असताना. कोरियाला हरवल्यावर ब्राझीलच्या पोरांनी पेलेंच्या नावाचा फलक मैदानात धरला होता. खोटं कशाला बोलू, मी समोरच्या काकूंना मिठी मारली. आमचं त्यांच्याशी नळावरनं दिवाळीपासून बोलणं बंद होतं.

आणि मग 117 वं मिनिट. पडद्यावर ब्राझीलचाच हल्ला चालू आहे, चेंडू ब्राझीलकडं, सगळे पिवळे पुढं, छान चाललंय, आणि पलीकडं फटाक्यांची माळ लागली. पाचशेची. आमच्या पडद्यावर ब्राझील अजून जिंकतंय! पोरांचे चेहरे बघवेनात. एकानं हळूच विचारलं, “लग्नाची वरात असंल का रं?” रात्री अकरा वाजता? ते अर्धं मिनिट आम्ही सगळे, थोरलेधाकटे, त्या पडद्याकडं बघत बसलो. काय होणार ते माहीत, कसं होणार एवढंच बाकी. चेंडू गेला, डावीकडनं ऑर्शिच पळाला, मध्ये दिला, पेटकोविचनं मारला, मार्क्विन्योसला चाटून आत. अख्ख्या सामन्यात क्रोएशियाचा गोलच्या दिशेनं गेलेला तो पहिला आणि एकुलता एक फटका. एक!

आता मला सांगा, यात मांजराचा काय दोष? सोन्याचा काय? तीन मिनिटं राहिलीत, एका गोलनं पुढं आहात, विश्वचषकाची उपांत्य फेरी समोर दिसतेय, आणि तुम्ही घर उघडं टाकून सगळे पुढं काय करत होता? आमच्या तालमीच्या संघात असं कुणी केलं असतं तर स्टेडियमच्या दारातनं बाहेर पडू दिलं नसतं. पण हे म्हणायला जीव धजत नाही, कारण ते म्हटलं की आवडत्या माणसांना दोष द्यावा लागतो. त्यापेक्षा मांजर सोयीचं. ते काही उलटून बोलत नाही.

पेनल्ट्यांचं सांगते आणि थांबते. तोपर्यंत अर्ध्या पोरांनी पलीकडचा गलका ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोटं घातली होती, म्हणजे बघायचं तर आहे पण आधी कळायला नको. रॉड्रिगोची पहिलीच अडवली. कासेमिरोची गेली, पेद्रोची गेली. क्रोएशियाच्या चारही गेल्या. तो सदतीस वर्षांचा मॉड्रिच एकशेवीस मिनिटं पळून असा आला जसा काही आत्ताच आंघोळ करून बाहेर पडला. चौथ्या वेळी मार्क्विन्योसनं खांबाला मारली. संपलं, 4-2. आणि नेमार? नेमार मैदानाच्या मध्यावर उभा. त्याची पाळी पाचवी होती! पंगतीत शेवटच्या भातावर वाढायचं म्हणून साजूक तूप राखून ठेवावं आणि तूप तसंच राहून पंगत उठावी, तशातली गत. तिते लगेच म्हणाले की मी पद सोडतो. मी म्हटलं, पद नंतर सोडा, आधी यादी कुणी केली ते सांगा.

पेठेत मात्र एक गोष्ट सगळ्यांना लागली. क्रोएशियाच्या पेरिसिचचा छोटा मुलगा लाल-पांढऱ्या चौकटीची जर्सी घालून मैदानात आला आणि रडणाऱ्या नेमारकडं निघाला. मध्ये कुणीतरी त्याला अडवायला बघितलं, पण नेमारनं बघितलं आणि त्याला जवळ घेतलं. हे दिसल्यावर आमच्याकडं दोन दांडगे पैलवान गडी, जे हाडाला हाड लागलं तरी हुं की चूं करत नाहीत, मफलरनं नाक पुसत होते. थंडी होती, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर होता, असेल थंडी.

माझ्या मुलानं दुसऱ्या दिवशी आणखी मीठ चोळलं. म्हणाला, “आई, क्रोएशियाची लोकसंख्या माहीत आहे? 38 लाख 70 हजारच्या आसपास. आणि 2011 च्या जनगणनेत आपला कोल्हापूर जिल्हा किती होता? तेवढाच!” मी ताडकन उठून बसले. म्हणजे करवीर, कागल, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ आणि बाकीचे सगळे तालुके मिळून जेवढी माणसं, तेवढ्यात यांनी 1998 ला तिसरा नंबर काढला, 2018 ला अंतिम फेरी गाठली आणि आता ब्राझीलला घरी पाठवलं? आणि आपण? आपल्या अनिकेत जाधवनं 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात दिल्लीच्या मैदानावर भारताची जर्सी घातली, तेवढी एक कोल्हापुरी कॉलर आम्ही अजून ताठ करतो. 1950 ला तर मोठ्या विश्वचषकाचं भारताला आयतं ताट वाढलेलं होतं, त्याच ब्राझीलमध्ये, आणि आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही अशी लोणकढी थाप आपण पिढ्यान्‌पिढ्या मारतोय; आपल्या संघटनेला ऑलिंपिकपुढं विश्वचषक किरकोळ वाटला, हे कोण सांगणार!

त्याच 1950 मध्ये ब्राझील माराकानावर उरुग्वेकडून 2-1 हरलं, आणि त्यांनी राग कुणावर काढला ठाऊक आहे? गोलरक्षक बार्बोझावर, आणि जर्सीवर. तोवर ते पांढरी घालत होते. अपशकुनी म्हणून ती टाकली, स्पर्धा लावली आणि ही पिवळी निवडली. ज्या तरुणानं ती काढली तो उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा आणि मनानं उरुग्वेचा चाहता! हे कळल्यावर मला एकदम आपल्या पेठेतच असल्यासारखं वाटलं. तिकडंही कारण शोधायला बसतात. तिकडंही कुणाचं माहेर एकीकडं आणि मन दुसरीकडं.

असो. खरी बेअब्रू तर 18 डिसेंबरला झाली. अर्जेंटिना अंतिम फेरीत फ्रान्सशी. आणि आमची अख्खी गल्ली, पिवळ्या जर्सीसकट, रातोरात फ्रेंच! ज्यांना फ्रान्स नकाशावर दाखवता येणार नाही ते “आमचा एम्बापे, आमचा एम्बापे” करत फिरायला लागले. त्यानं तीन गोल मारलेसुद्धा. 3-3, पुन्हा पेनल्टी, पुन्हा 4-2, पण मेस्सीच्या बाजूनं. पलीकडच्या गल्लीनं मग पहाटेपर्यंत हलगी वाजवली, आमच्या दारात येऊन वाजवली, आणि वर जिलेबी वाटली. आमच्या पोरांनी घेतली नाही, बाणेदारपणे. मी घेतली. गरम होती.

त्याच्या पुढचा विश्वचषक 2026 ला अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात. बत्तीसचे अठ्ठेचाळीस संघ. पोरांनी तेव्हाच हिशेब मांडला की तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, तेव्हा बरेचसे सामने भल्या पहाटे उठून बघावे लागणार. सासूबाईंना हे सांगितलं. म्हटलं त्या कपाळाला हात लावतील. तर त्या म्हणाल्या, “म्हंजे अंबाबाईच्या काकडआरतीच्या टायमाला? मग मला उठवायला येऊ नका, मी जागीच असतो. आणि त्या मांजरवाल्याला या खेपेला बाहेर बसवा म्हणावं.”